टिटवीची चार अंडी

मे महिना सरत आला की वर्तमानपत्रात एक बातमी हटकून येते. कुठल्याशा माळावर टिटवीनं अंडी घातली आहेत. जागा उंचवट्याची आहे, अंडी चार आहेत, म्हणजे यंदा चारही महिने पाऊस आणि तोही दमदार, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं. हीच टिटवी खोलगटात किंवा नदीच्या कोरड्या पात्रात बसली असती तर पाऊस ओढ देणार, असा अर्थ निघाला असता. तीन अंडी असती तर तीन महिने, दोन असती तर दोनच.

या हिशेबातली गंमत टिटवीच्या अंगातच आहे. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते. सुकाळ असो, दुष्काळ असो, चार. पाणथळीच्या काठाकाठानं वावरणाऱ्या तिच्या बऱ्याच भाऊबंदांचीही हीच रीत. अंडी एका बाजूला निमुळती असतात. चारही टोकं आत वळवून ठेवली की ती एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि आईच्या पोटाखाली नेमकी मावतात. ही चार अंडीही एका दमात येत नाहीत. आज एक, मग एखादा दिवस सोडून दुसरं, असं करत चौथं पडतं. तेव्हा कुणाला तीन अंडी दिसली, तर बऱ्याचदा तो पाहणाराच थोडा लवकर आलेला असतो. दोन दिवसांनी गेला असता तर पाऊस एका महिन्यानं वाढला असता.

टिटवीचं घरटं म्हणायचं ते नावापुरतंच. जमीन किंचित उकरलेली, भोवती खडे, शेळ्यामेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या. अंडी मातकट, त्यांवर काळपट डाग. दोन पावलांवर उभं राहिलं तरी नजरेला लागत नाहीत. त्याआधी टिटवीच आपल्याला लागते. डोक्यावर घिरट्या घालत, सूर मारत, कान किटेपर्यंत ओरडते. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या माळावर अंडी उबवायची चिंता तिला नसतेच, ती भाजून निघू नयेत ही चिंता असते. त्यासाठी ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं चिंब करते आणि त्या ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. जवळजवळ महिनाभर नर-मादी आळीपाळीनं हा उद्योग करतात. पिल्लं बाहेर आली की काही तासांत आपल्या पायांनी चालू लागतात.

म्हणजे टिटवीला पाणी जवळ हवं, पण पाण्यात सापडायचं नाही. खाली गेली तर सरीबरोबर अंडी वाहून जाणार, फार वर गेली तर पोट भिजवायच्या फेऱ्या वाढणार. आता समजा, एखाददुसरा वळीव आधीच पडून गेला आहे आणि खोलगट जागांना ओल आली आहे. ती वर सरकणारच. तिनं वाचली ती कालपरवाची ओल. वळवाचे ढग जागच्या जागी तापलेल्या जमिनीवर उठतात, मोसमी पाऊस हजारो किलोमीटरवरून वारा घेऊन येतो. वळीव धो धो झाला म्हणून पुढचे चार महिने बरे जातीलच असं नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

पण एवढ्यावर टिटवीला मोडीत काढायला माझं मन घेत नाही. जनावरांवरून पाऊस ओळखायचे आपल्याकडचे ठोकताळे शेकड्यांनी आहेत, आणि आपण ते सगळे एका दावणीला बांधून टाकले आहेत. एक तर सगळेच खरे, ऋषिमुनींपासून चालत आलेले; नाहीतर सगळीच अंधश्रद्धा. त्यापेक्षा प्रत्येक ठोकताळ्याला एकच प्रश्न विचारून पाहावा: किती आधी? पाऊस यायच्या तासभर आधी, दोन दिवस आधी, की तीन महिने आधी? या एका प्रश्नानं हा सगळा पसारा असा काही उलगडत जातो की पाहत राहावं.

सगळ्यात सोपं उत्तर मृगाच्या किड्याचं. तो अजिबात आधी सांगत नाही. जूनच्या पहिल्या सरींनी माती भिजली की दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या कडेला, पायवाटेवर लालभडक मखमलीचे थेंब चालताना दिसतात. एके काळी पोरं ते काड्यापेटीत गोळा करायची. त्याला किडा म्हणतात, पण पाय मोजले तर आठ भरतात. तो कोळ्यांच्या गोतातला. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हणतात. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोड्या वेळापुरता वर येतो, कारण त्याच सुमाराला वाळवीला पंख फुटून ती थव्याथव्यानं बाहेर पडते. संध्याकाळी दिव्याभोवती ज्यांच्या पंखांचा खच पडतो, तेच ते पंखवाले. मृगाचा किडा त्यांच्यावर ताव मारतो, जोडीदार शोधतो आणि पुन्हा मातीत जातो. मखमली लाल रंग म्हणजे ‘मला खाऊ नका, चव वाईट आहे’ अशी जाहीर पाटी. त्यामुळे तो दिवसाउजेडी निर्धास्त हिंडतो. तो भाकीत करत नाही, पाऊस पोचल्याची पावती देतो. शेतकऱ्याला पावतीचाही उपयोग असतोच. माती किती खोल भिजली हे तिच्यात राहणाऱ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

मुंग्या काही तास आधी सांगतात. घराच्या उंबऱ्याजवळून, चौकटीच्या कडेनं वर चढणारी मुंग्यांची रांग आणि प्रत्येकीच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी, हे दृश्य पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आपण त्यांना अंडी म्हणतो. खरी अंडी त्याहून कितीतरी बारीक, बहुतेकदा त्या अळ्या आणि कोश असतात. म्हणजे अख्खं बाळंतघर वरच्या मजल्यावर हलवणं चाललेलं असतं. मुंग्यांच्या मिशांवर हवेतला दमटपणा ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं असतात, आणि वारुळात ओलावा किती ठेवायचा यावर त्यांच्या पिल्लांचं जगणं-मरणं असतं. त्यामुळे हवा दमट झाल्याची बातमी त्यांना आपल्या आधी लागली तर नवल नाही.

वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त लगेच पडणाऱ्या पावसाच्या खुणा दिल्या आहेत. साप झाडावर चढणं, मांजरांनी नखांनी जमीन उकरणं, अशी बरीच यादी आहे. मुंग्याही त्यात आहेत. पण मुंग्यांबद्दल लिहिताना तो एक अट घालतो: काही इजा किंवा उपद्रव झालेला नसताना मुंग्या अंडी हलवू लागल्या तरच ती पावसाची खूण. ही अट वाचली तेव्हा मी थबकलो. मुंग्या इतर कारणांनीही घर बदलतात. कुणी वारूळ तुडवलं, ऊन फार झालं, शेजारच्या मुंग्यांनी हल्ला केला. ती कारणं आधी बाजूला काढा आणि मग बोला, असं तो सांगतो आहे. आजच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

काही तासांच्या या अंदाजात हवेचा दाबही येतो. पक्ष्यांच्या मधल्या कानाजवळ एक छोटंसं इंद्रिय असतं. व्हिताली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावानं ते ओळखलं जातं, आणि हवेचा दाब मोजणं हे त्याचं काम असावं असं मानतात. उडणाऱ्याला आपण किती उंचावर आहोत हे कळायला ते हवंच. उंची वाढली की दाब उतरतो आणि वादळ जवळ आलं तरी दाब उतरतो. झाडावर स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला काहीही न करता आपण वर चाललो आहोत असा भास झाला, तर तो बिथरणारच. मासेही दाब ओळखतात. २००१ साली गॅब्रिएल नावाचं वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिथल्या एका उथळ खाडीतली शार्कची पिल्लं दाब उतरू लागताच खोल समुद्रात निघून गेली आणि वादळ सरल्यावर परत आली. त्यांच्या अंगावर संशोधकांनी आधीच खुणेची यंत्रं बसवलेली होती, म्हणून हे कळलं.

आपल्याकडे मात्र दाबाच्या भरवशावर राहणाऱ्या जनावराला एक अडचण आहे. उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला, दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, आणि फरक दोन-तीन मिलिबारचा. लख्ख उन्हाच्या दिवशीही हे चालूच असतं. पावसाची चाहूल घ्यायची तर हा रोजचा चढउतार वजा करून उरलेलं वाचता आलं पाहिजे. युरोपातल्या जनावरांना हा त्रास फारसा नाही. तिथे, इंग्लंडमधल्या व्हिटबी गावचे एक डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी १८५१ सालच्या लंडनच्या जगप्रदर्शनात चक्क जळवांचं वादळयंत्र मांडलं होतं. बारा बाटल्या, प्रत्येकीत एक जळू. वादळाची चाहूल लागली की जळू बाटलीत वर चढायची, तिथली पट्टी हलायची आणि घंटा वाजायची. जळवा एकमेकींना दिसाव्यात, एकटं वाटू नये, म्हणून बाटल्या गोलाकार मांडल्या होत्या. सरकारनं हे यंत्र बंदराबंदरांत बसवावं अशी डॉक्टरांची इच्छा होती. ते काही झालं नाही.

दोन दिवस आधी सांगणारेही आहेत. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरांत गोल्डन-विंग्ड वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी विणीसाठी येतात. वजन नऊ-दहा ग्रॅम. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये ते दक्षिण अमेरिकेतून नुकते येऊन पोचले होते आणि एकाएकी सगळे उठून निघून गेले. टॉर्नेडो वादळांची मोठी मालिका तेव्हा शेकडो किलोमीटर लांब होती. डोंगरावर ना दाब बदलला होता, ना वारा, ना तापमान. पक्षी मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाऊन, जवळजवळ दीड हजार किलोमीटरची रपेट करून, वादळ गेल्यावर आपल्या झाडांवर परत आले. संशोधकांचा तर्क असा की प्रचंड वादळं माणसाच्या कानाला न लागणारा अतिखर्ज आवाज करतात, तो शेकडो किलोमीटर जातो आणि या पक्ष्यांना ऐकू येतो. आपल्याला ऐकू न येणारं गडगडणं डोंगरावर आधीच पोचलेलं होतं.

आता पावशा. मराठी माणसाला पाऊस सांगणारा पक्षी म्हटलं की हाच आठवतो. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असा चढत चढत जाणारा, टोकाला पोचून तुटणारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा सूर. चांदण्या रात्री तर हा थांबतच नाही. तिन्हीसांजेला रानात हा आवाज ऐकला की शेतकरी बियाणं काढतो, असं आपण वाचत आलो. पावशा कुठून येतो? आपल्या भागात तो बहुतेक वर्षभर असतोच. हिवाळ्यात तो गप्प असतो आणि गप्प पावशाला कुणी पावशा म्हणून ओळखत नाही. दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा, त्यामुळे दिसला तरी शिक्रा म्हणून सोडून दिला जातो. मार्च-एप्रिलपासून तो ओरडू लागतो, कारण तो त्याचा विणीचा काळ.

चातकाचं तसं नाही. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपटीचा हा पक्षी उत्तर आणि मध्य भारतात खरोखरच पाहुणा म्हणून येतो. आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सोबतीनं. दक्षिणेत काही चातक बारमाही असतात. २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली आणि त्यांची नावं ठेवली ‘मेघ’ आणि ‘चातक’. सरकारी कामात एवढं काव्य क्वचित दिसतं. चातक फक्त पावसाचे थेंब पितो हे खरं नाही. त्याचा मुख्य आहार सुरवंट, आणि सुरवंटात पाणी भरपूर. पण तो पावसाच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतो, हे अगदी खरं. ढग आणि चातक एकाच वाऱ्यानं येतात. कोण कोणाची वर्दी देतं हा प्रश्न तिथे उरत नाही.

मला मात्र या दोघांहून तिसऱ्याच पक्ष्याचं अप्रूप वाटतं. कुठल्याही ठोकताळ्यात त्याचं नाव नाही. तो म्हणजे सातभाई. मळकट, कलकलाट करणारे, सहा-सात-आठच्या टोळीनं झाडाखालचा पाचोळा उलटापालटा करत फिरणारे. कुंपणापाशी रोज दिसतात म्हणून कुणी लक्ष देत नाही. पावशा आणि चातक दोघेही कोकिळेच्या कुळातले. स्वतः घरटं बांधत नाहीत, आणि दोघेही अंडी घालतात ती मुख्यतः सातभाईंच्या घरट्यात. सातभाईंची अंडी निळीशार असतात, तर या दोघांचीही निळीच. चातकाचे आफ्रिकेतले भाऊबंद तिथल्या बुलबुलांच्या घरट्यात अंडी घालतात आणि ती असतात पांढरी. इथे ज्याच्या दारात जायचं, त्याच्या रंगाचं अंडं.

म्हणजे पावशानं आणि चातकानं घड्याळ लावायचं ते सातभाईंच्या घरट्याकडे बघून. सातभाईंनी लावायचं ते पिल्लांना भरवायला सुरवंट आणि किडे कधी मिळतील ते पाहून. सुरवंट येणार कोवळी पालवी आणि पहिला हिरवा चारा फुटला की. पालवी आणि चारा येणार पावसावर. या साखळीत कुणीही आभाळाकडे पाहत नाही. प्रत्येकजण आपल्या खालच्याकडे पाहतो. आणि साखळीच्या पार शेवटी झाडावर बसलेला पावशा ओरडतो आणि तो शेतकऱ्याला बरोबर वेळेला ऐकू येतो. हजारो पिढ्यांत ज्यांची वेळ चुकली, त्यांची पिल्लं जगली नाहीत. उरले ते वेळ साधणारे. पावशा यंदाच्या पावसाबद्दल काही सांगत नाही. तो सांगतो ते गेल्या हजारो पावसाळ्यांच्या सरासरीबद्दल. यंदाचा पाऊस तीन आठवडे उशिरा आला, तरी तो वेळेवरच ओरडणार. दुबार पेरणीची पाळी आलेल्या शेतकऱ्यानं त्याला दोष देऊ नये.

यंदाचा पाऊस कसा, हे महिने-महिने आधी सांगणारी जनावरं मिळतात ती पंचांगात. मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं वाहन म्हैस, असं दरवर्षी छापून येतं आणि पारावर त्याची चर्चा होते. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की माणसं खूश. कोल्हा, मेंढा, गाढव निघालं की चेहरे पडलेले. या जनावरांनी आयुष्यात आभाळ पाहिलेलं नाही. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजायचं, नऊनं भागायचं, आणि बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचं. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीनला बेडूक, चारला मेंढा, पाचला मोर, सहाला उंदीर, सातला म्हैस, आठला गाढव आणि नि:शेष भाग गेला तर हत्ती. शुद्ध भागाकार. आणि वाहन साऱ्या देशासाठी एकच. माण-खटावला जो हत्ती, तोच महाबळेश्वरला. त्या दोन ठिकाणांत अंतर किती आणि पावसात फरक किती, हे सातारकरांना सांगायला नको. मुंग्या आणि म्हैस एकाच परंपरेत मोडतात म्हणून दोघींना सारखाच मान देणं मला पटत नाही. मुंगीकडे निदान मिशा तरी आहेत.

मग टिटवी आणि कावळा? तेही महिने आधी सांगतात असं आपण म्हणतो. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत बरंचसं आयुष्य विदर्भाच्या जंगलांत काढलं आणि आदिवासींकडून, ढीवरांकडून ऐकलेले असे कितीतरी ठोकताळे लिहून ठेवले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. कावळ्यानं आंबा-करंजासारख्या झाडावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी, हे त्यांच्यामुळेच शहरातल्या वाचकांपर्यंत पोचलं. हे हसण्यावारी न्यायचं का? काही वर्षांपूर्वी मीही नेलं असतं. मग व्हीरी नावाच्या पक्ष्याबद्दल वाचलं.

व्हीरी हा आपल्या कस्तुराच्या कुळातला, तपकिरी, लाजरा पक्षी. उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत वीण करतो, थंडीत दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. मध्ये मेक्सिकोचं आखात आणि कॅरेबियन समुद्र, तेही ऐन चक्रीवादळांच्या हंगामात. डेलावेअरमधले संशोधक ख्रिस्तोफर हेक्शर एकाच जंगलात वर्षानुवर्षं या पक्ष्यांची घरटी मोजत होते. १९९८ ते २०१६ पर्यंतच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध केल्या. ज्या वर्षी पक्ष्यांनी वीण लवकर आटोपती घेतली, त्या वर्षी पुढे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अटलांटिकात वादळांचा जोर जास्त होता. पक्ष्यांचा निर्णय मे-जूनचा, वादळं त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. हवामान संस्थांच्या त्याच वेळच्या अंदाजांच्या तोडीस तोड हा पक्षी उतरला.

चिमूटभर पक्ष्याला हे कसं समजावं? याचं उत्तर बहुधा प्रशांत महासागरात आहे. एल निनो किंवा ला निना असेल त्याप्रमाणे ॲमेझॉनमधला हिवाळ्यातला पाऊस बदलतो आणि अटलांटिकातली वादळंही बदलतात. पक्ष्याला वादळ दिसत नाही. पण ज्या कारणानं वादळ होणार, त्याच कारणानं त्याला थंडीत खायला कमी-जास्त मिळालेलं असतं. ते अंगात भिनवून तो उत्तरेला येतो.

इथे गोष्ट पुण्यात येऊन पोचते. एल निनोच्या पाठीमागचा हवेच्या दाबाचा हेलकावा शोधला गिल्बर्ट वॉकर यांनी. वॉकर हे केंब्रिजचे गणिती. १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख, कचेरी सिमल्याला. भारतातला पाऊस आधी कसा सांगायचा एवढा एकच प्रश्न घेऊन त्यांनी जगभरच्या दाबाच्या आणि पावसाच्या नोंदी चाळल्या, आणि प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यामध्ये दाब वर-खाली होत राहतो हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९२८ साली खात्याची मुख्य कचेरी पुण्याला आली, आणि शिवाजीनगरातली ती दगडी इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्यावरून रोज बसनं जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की डेलावेअरच्या जंगलातला एक पक्षीही बहुधा तोच हेलकावा आपल्या पोटानं मोजत असतो?

म्हणून टिटवीला आणि कावळ्याला निकाल द्यायचा तर हेक्शर यांच्यासारखंच बसावं लागेल. एकाच गावची, एकाच माळावरची सगळी घरटी, फक्त बातमीत आलेलं एक नव्हे. उंची टेपनं मोजलेली. अंडी पुरी होईपर्यंत थांबून मोजलेली. पाऊस त्याच गावच्या पर्जन्यमापकाचा. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी अंदाज वहीत लिहून तारीख टाकलेली, कारण सप्टेंबरात प्रत्येकालाच जूनमधलं बरोबर आठवतं. वीस वर्षं हे केलं तर काही सांगता येईल. गावच्या शाळेला सहज जमेल असं काम आहे.

पावसाशी सगळ्यात थक्क करणारं नातं मात्र ज्या जिवाचं आहे, त्याच्याबद्दल आपल्याकडे एवढंच म्हणतात की चतुर खाली उडू लागले की पाऊस येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पठारांवर, भातखाचरांवर पिवळसर चतुरांचे थवे घोटाळत असतात. शास्त्रीय नाव पँटाला फ्लावेसेन्स. वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पावसानं साचलेल्या डबक्यात यांची अंडी पडतात आणि दीडेक महिन्यात डबकं आटायच्या आत चतुर बाहेर पडतो.

मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात हेच चतुर तिथल्या बेटांवर लाखोंनी उतरताना दिसायचे. मालदीवची बेटं म्हणजे पोवळ्यांची वाळू, गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत. चतुर तिथे जन्मणं शक्य नाही. मग हे येतात कुठून? तिथल्या लोकांना ते पाहुणे नवे नव्हते. त्यांचं पारंपरिक ऋतुमान आपल्यासारखंच सत्तावीस नक्षत्रांवर चालतं, आणि चतुर आले की ईशान्य मोसमी वारे आले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अँडरसन यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून २००९ साली मांडलं ते असं: हे चतुर भारतातून उडतात, समुद्रावर उंच हवेतल्या वाऱ्याला धरून मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत पोचतात. तिथल्या पावसात पुढची पिढी वाढते. आणि मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर बसून त्यांची नातवंडं-पतवंडं भारतात परततात. चौदा ते अठरा हजार किलोमीटरची फेरी, चार पिढ्यांनी मिळून. त्याच वाटेनं, त्याच सुमाराला ससाणे जातात, काही जातींचे वेडे राघू जातात आणि आपला चातकही जातो. वाटेतली शिदोरी बहुधा हेच चतुर.

चातकाच्या पाठीवर यंत्र बसतं. चतुराच्या कसं बसवणार? तरीही ते भारतातूनच आले हे तपासायची एक युक्ती निघाली. समुद्रावरून ढग आत आत जातो तसा वाटेत पडणाऱ्या पावसातला जड हायड्रोजन कमी कमी होत जातो. त्यामुळे कोकणातल्या पावसाची आणि हिमालयाच्या पायथ्याच्या पावसाची रासायनिक सही वेगळी. चतुराची अळी डबक्यातल्या ज्या पाण्यावर वाढते, त्याची ती सही तिच्या पंखांत उतरते आणि पंख एकदा ताठ झाले की बदलत नाही. २०१२ साली मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांचे तुकडे तपासले गेले. ते उत्तर भारतातल्या, नेपाळकडच्या पावसाचे निघाले. पुढचा पाऊस कसा पडेल हे चतुर सांगो न सांगो, मागचा कुठे पडला होता हे त्याच्या पंखावर लिहिलेलं असतं.